अफगाणिस्तानचे राजे अमानुल्ला खानांना गादी का सोडावी लागली?

माझ्या मते त्यांच्या सुधारणा चुकीच्या नव्हत्या; त्या राबवण्यासाठी लागणारे सैन्य आणि पैसा मात्र त्यांच्याजवळ नव्हता. १९१९ मध्ये वडील हबीबुल्ला यांच्या हत्येनंतर सत्तेवर आलेल्या अमानुल्लांनी त्याच वर्षी इंग्रजांशी युद्ध करून परराष्ट्र धोरणाचे स्वातंत्र्य मिळवले, १९२३ मध्ये देशाला पहिली लिखित राज्यघटना दिली आणि राणी सोराया यांच्या साथीने काबूलमध्ये मुलींचे शिक्षण सुरू केले.

युरोपच्या दौऱ्याहून १९२८ मध्ये परतल्यावर मात्र त्यांनी फार घाई केली. काबूलजवळच्या पगमान येथे भरलेल्या लोया जिर्गासाठी, म्हणजे देशभरातल्या प्रमुखांच्या महासभेसाठी, आलेल्या टोळीप्रमुखांना पाश्चात्त्य कोट-पाटलोण घालून बसावे लागले. मला हा प्रसंग निर्णायक वाटतो, कारण दुखावलेली हीच माणसे पुढे गावोगावी परतली. सैनिकांचे पगार आधीच कमी केलेले होते. त्यामुळे नोव्हेंबरमध्ये जलालाबादकडे शिनवारी टोळ्यांनी बंड केले आणि उत्तरेकडून हबीबुल्ला कलकानी हा बंडखोर काबूलवर चालून आला, तेव्हा राजासाठी लढणारे थोडेच उरले होते.

जानेवारी १९२९ मध्ये त्यांनी राजत्याग केला. देश सोडून जाताना मुंबईत जन्मलेल्या मुलीचे नाव त्यांनी ‘इंडिया’ ठेवले.