मेल डीकोड करत नाहीत, फोडतात

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानातून प्रश्न आला आहे. तिथे हिशेब बघणारे गृहस्थ पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या 'ईमेल' लायब्ररीवर, म्हणजे मेल हाताळणाऱ्या तयार आज्ञांच्या संचावर, स्क्रिप्ट लिहीत आहेत. रोजच्या मेलमधला मजकूर वेगळा काढायचा आणि सोबत आलेल्या हिशेबपट्ट्यांच्या फाइली वेगळ्या. ते विचारतात, "'पार्स करणे'ला मराठीत काय म्हणावं? आमच्याकडे सगळे 'मेल डीकोड केला' म्हणतात, ते चालेल का? आणि अटॅचमेंटला काय म्हणू?"

चालणार नाही. हे 'डीकोड' ऐकून कान किटले आहेत. मेलचे भाग सुटे करणं हे एक काम, आणि एखाद्या भागातला अगम्य मजकूर मूळ रूपात आणणं हे दुसरं. लायब्ररी हा फरक काटेकोर पाळते. 'मेसेज-फ्रॉम-बाइट्स' या आज्ञेने सबंध मेल फुटतो आणि भागांचं झाड उभं राहतं. 'वॉक' त्या झाडावरून फिरवून आणतं. त्यानंतर एकेका भागावर 'गेट-पेलोड' चालवून डीकोड कर असं सांगितलं, की बेस-६४चं, म्हणजे बाइट साध्या अक्षरांत लिहिण्याच्या रीतीचं, आवरण उतरतं. पोटात दुसरे भाग बाळगणाऱ्या मल्टिपार्टवर हेच करून बघा, 'नन', म्हणजे 'काही नाही', मिळेल. त्याच्याकडे उलगडण्यासारखं स्वतःचं काही नसतंच.

डीकोड म्हणजे काय ते आपल्याच अक्षरांवर बघा. अक्षरं बाइटांत साठवण्याच्या यूटीएफ-८ या रीतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं, आणि बेस-६४ दर ३ बाइटांची ४ अक्षरं करतं. 'सातारा'त काने धरून ६ चिन्हं, म्हणजे १८ बाइट, म्हणजे २४ अक्षरं. चारचारचे सहा गट पाडले तर प्रत्येक गट '४केएस'ने सुरू होतो. 'सांगली'चे पहिले पाच गटही तसेच, फक्त शेवटच्या दीर्घ वेलांटीचा गट '४केडब्ल्यू'ने सुरू होतो, कारण युनिकोडच्या तक्त्यात ती पुढच्या घरात बसते. हे उलगडणं झालं. यात फोडण्याचा संबंध नाही.

आता 'पार्स'. लॅटिन 'पार्स' म्हणजे भाग. वाक्यातला शब्द दाखवून 'हा वाणीचा कोणता भाग?' असं मास्तर लॅटिनमध्ये विचारत, त्यातून हे क्रियापद आलं. पार्ट, पार्टी, पार्सल ही सगळी त्याच घरातली. इथवर कुठल्याही इंग्रजी कोशात मिळेल. खरी मौज आपल्याकडे आहे. जुन्या शाळेत 'शब्दाचं व्याकरण चालवा' असं सांगत, आणि त्याचं भारदस्त नाव होतं पदपरिस्फोट. त्यातला 'स्फोट' संस्कृत 'स्फुट्' धातूचा. त्याच धातूवरून प्राकृतातून आलं आपलं फुटणं आणि फोडणं. आंब्याची फोड तीच, संधीची फोड तीच, आणि पोस्टमनने दिलेलं पाकीट आपण फोडतो तेही तेच! लॅटिनमध्ये 'भाग' या नामातून क्रिया निघाली, आपल्याकडे क्रियेतून 'फोड' हे भागाचं नाव निघालं. पत्राला, फळाला आणि व्याकरणाला एकच क्रियापद चालवणारी भाषा हाताशी असताना पार्सला शब्द नाही म्हणणं मला पटत नाही. मेल फोडा. फोडणाऱ्या प्रोग्रॅमला 'फोड्या' म्हणा.

काही परिभाषाकार इथे 'पदान्वय' सुचवतात. ते उलटं आहे. अन्वय म्हणजे विखुरलेल्या पदांचा एकमेकांशी संबंध लावणं. श्लोकाचा अन्वय लावताना आपण पदं जुळवतो, तोडत नाही. 'विश्लेषण' तर आज इतकं सैल झालं आहे की निवडणुकीचंही होतं आणि क्रिकेटचंही. नेमक्या कामाला तो शब्द देऊन ना शब्दाचं भलं होतं, ना कामाचं.

फोडायचं कुठे, हे कशावरून कळतं? बाउंडरीवरून. मल्टिपार्टच्या शीर्षात एक खुणेची अक्षरमाळ दिलेली असते. ती दोन भागांच्या मध्ये येते, आधी दोन आडव्या रेघा घेऊन. शेवटच्या भागानंतर येते तेव्हा मागेही दोन रेघा असतात. ही रीत १९९२मध्ये नॅथॅनियल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी 'माइम'च्या, म्हणजे मेलमध्ये अनेक भाग ठेवण्याच्या मानकाच्या, पहिल्या प्रसिद्ध आवृत्तीत घातली. मी हिला बांध म्हणतो. आपल्या शेताचा बांध आणि 'बांधणं' दोन्ही 'बन्ध्' धातूची. लायब्ररी मेल बांधताना बांध घालते, आणि तोच मजकूर आत आधीपासून नाही ना हेही तपासते. 'बाउंडरी म्हणजे बाइंडवरून आलेला शब्द, म्हणून बांधाशी नातं' असं काही उत्साही लोक सांगतात, ते मात्र चूक. बाइंड आणि बांधणं एकाच मुळाची, हे खरं. बाउंडरी त्या कुळातली नाही, ती जुन्या फ्रेंचमधल्या सीमेच्या शब्दावरून आली. म्हणजे बांधणं आणि बांध यांचं नातं इंग्रजीत नाही, आपल्याकडे आहे. याचा मला फार आनंद आहे.

आणि बांध कोरण्याचाही शब्द तयार आहे. वाटेत कुणी बांधाच्या सगळ्या ओळी खाल्ल्या तर लायब्ररी सहसा थांबत नाही. सगळा मजकूर एकाच तुकड्यात देते आणि 'डिफेक्ट्स'च्या, म्हणजे दोषांच्या, यादीत बांध सापडला नाही अशी नोंद करते. तुमच्या स्क्रिप्टमध्ये ती यादी आधी वाचा, नाहीतर एखादी पट्टी गायब होईल आणि कळणारही नाही.

अटॅचमेंटला 'सहपत्र'. सरकारी पत्रांत केव्हाच रुळलेला शब्द आहे, बिनदिक्कत वापरा.