दृष्टिकोन विचारू नकोस, काम विचार

प्रिय पोरी,

तुझी प्रश्नावली दोनदा वाचली. एआयबद्दल कुठल्या मुलखात काय वाटतं, हा विषय चांगला धरलायस. आकडेही बरोबर आहेत. इप्सॉस या लोकमत पाहणी करणाऱ्या कंपनीच्या २०२४ च्या पाहणीत एआयचा तोट्यापेक्षा फायदा जास्त, असं चीनमध्ये ८३ टक्के लोक म्हणाले, अमेरिकेत ३९, नेदरलँड्समध्ये ३६. पण त्यावरून तू "आशियातले लोक आशावादी" असं लिहून मोकळी झालीस, तिथं मी अडले. चीन, भारत, इंडोनेशियातले नमुने शहरी, शिकलेल्या, बऱ्या कमाईच्या लोकांकडे झुकलेले असतात, हे इप्सॉसच सांगते. त्यात आपल्या बेळगावातल्या वडगावचा विणकर किती? निपाणीत विड्या वळणारी बाई किती?

प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेचा २०२५ चा आकडा तुझ्या तक्त्यातून काढ. त्यांनी २५ देशांत विचारलं ते वेगळं: काळजी जास्त वाटते की उत्साह? अमेरिकेत निम्मे लोक काळजी म्हणाले, दक्षिण कोरियात १६ टक्के. फायदा मानणाराही काळजीत असतो.

आता तुझा पहिला प्रश्न. "कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी आपला दृष्टिकोन काय?" हे घेऊन शहापूर-वडगावात गेलीस तर लोक चहा पाजतील आणि "चांगलंच आहे की" म्हणून वाटेला लावतील. त्यापेक्षा जमिनीच्या उताऱ्यापासून सुरू कर. कर्नाटक सरकारच्या भूमी योजनेत उतारे कॉम्प्युटरवर गेले, तलाठ्याच्या मागे फिरणं कमी झालं, याचं माझ्या वडिलांना मोठं समाधान होतं. मग आमच्या आडनावातलं एक अक्षर कन्नडात चुकीचं चढलं. ते दुरुस्त करून घ्यायला दोन वर्षं हेलपाटे घातले त्यांनी. म्हणायचे, "मशीन बरं आहे, पण चुकलं तर भांडायचं कुणासंगट?" या उत्तरावर तू कुठल्या चौकोनात खूण करणार?

गेल्या महिन्यात शेजारच्या मावशींनी नातवाच्या फोनमधल्या एआयशी बोलून पेन्शनचा अर्ज करून घेतला. "मी वडगावात राहतो, तीन महिने झाले, पैसे आले नाहीत." आपल्याकडे बायका 'राहतो, जातो'च म्हणतात, मीही घरात तसंच बोलते. अर्ज झकास झाला, पण खाली आलं, 'आपला विश्वासू'. नातवानं वाचून दाखवलं तशा मावशी घाबऱ्या झाल्या. "मला गडी समजायलंय काय हे? मग पैसे कुणाच्या नावावर जातील?" अर्ज वेळेत झाला याचा आनंद त्यांना होताच. तरी त्या रात्री दोनदा येऊन मला कागद तपासायला लावला.

अशी बोलणी जशीच्या तशी उतरून घे, टक्केवारी नंतर काढू. प्रश्न मराठीत आणि कन्नडात, दोन्हींत कर, आणि कन्नड घरांत तुझ्या मैत्रिणीला बोलू दे. रविवारी सकाळी ये. पहिल्यांदा मावशींकडेच जाऊ. त्यांना मी सांगून ठेवलंय.

तुझ्या,
बाई