वाचकांचे प्रश्न : हिवाळाभर उभी राहणारी गाडी

प्रश्न : आम्ही मिनिआपोलिसला राहतो आणि डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत पुण्यात असतो. गाडी घराला लागूनच्या, हीटर नसलेल्या गॅरेजात असते. गेल्या वर्षी शेजारी दर रविवारी येऊन दहा मिनिटं एंजिन चालू ठेवायचे. तरी परतलो तेव्हा बॅटरी उतरलेली आणि मागची चाकं जाम. काय चुकलं?

उत्तर : शेजाऱ्यांनी मनापासून केलं, पण बॅटरीचं नुकसान त्या दहा मिनिटांनी वाढवलंच. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाण्याची वाफ तयार होते. गाडी अर्धा तास रस्त्यावर धावली तर सगळं तापून ती निघून जाते. जागेवर दहा मिनिटं चालवली की तीच वाफ सायलेन्सरमध्ये आणि एंजिन ऑइलमध्ये पाणी होऊन साचते. गारठलेलं एंजिन सुरू करायला बॅटरीतून जेवढं जातं, तेवढंही एवढ्या वेळात परत भरत नाही. त्यातून गॅरेज घराला लागून, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड घरात शिरण्याचा धोका. दार उघडं ठेवलं तरी तो टळत नाही. या वर्षी एकदा बंद केलेली गाडी मार्चपर्यंत बंदच राहू द्या. गाडी थंडीने कमी आणि साचलेल्या पाण्याने जास्त खराब होते, हे धरून तयारी करा.

निघण्याच्या आठवड्यात ऑइल आणि फिल्टर बदला. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओल असते, ती तीन महिने बेअरिंगला लागून राहायला नको. पेट्रोलची टाकी जवळजवळ भरा, म्हणजे आत हवा कमी राहते आणि ओलही कमी धरते. भरण्याआधी डब्यावर लिहिलेल्या मापाने फ्युएल स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारं रसायन) टाका आणि मग पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणा, तरच ते इंजेक्टरपर्यंत पोचतं. नुसतं टाकीत ओतून काही उपयोग नाही. रस्त्यावरचं मीठ गाडीच्या पोटाला चिकटलेलं असतं. ते खालून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन घ्या आणि गाडी पूर्ण सुकवूनच आत लावा.

आता बॅटरी. एंजिन बंद असलं तरी अलार्म, कुलूप, कॉम्प्युटर मिळून थोडा करंट खातच असतात. ५० मिलिअँपिअर धरले तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, म्हणजे ६० अँपिअर-तासांची बॅटरी २५ दिवसांत अर्धी. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी उणे ५० अंशांनाही गोठत नाही, पण पार उतरलेली उणे १० च्या आतच गोठते आणि तिचं कवच तडकतं. गॅरेजात प्लग असेल तर चार्ज भरला की आपोआप कमी होणारा बॅटरी मेंटेनर लावा. साधा चार्जर महिनोन्‌महिने लावून ठेवू नका. प्लग नसेल तर पूर्ण चार्ज करून आधी निगेटिव्ह वायर काढा. जोडताना ती शेवटी. वायर काढण्याआधी किल्ली गाडीबाहेर आहे ना, बघा. गोठलेल्या बॅटरीला दुसऱ्या गाडीवरून जंप देऊ नका, ती फुटू शकते.

चाकं जाम झाली ती बहुधा हँडब्रेकमुळे. ओढलेल्या ब्रेकमध्ये ओल असली की लायनर ड्रमला किंवा पॅड डिस्कला गंजून चिकटतात. हँडब्रेक सोडा, गाडी पी मध्ये ठेवा आणि दोन चाकांना पुढूनमागून लाकडी ठोकळे लावा. ब्रेक बटणावरचा असेल तर बॅटरीची वायर काढण्याआधीच तो सोडून घ्या. टायरमध्ये नेहमीपेक्षा पाच-सहा पीएसआय जास्त हवा भरा, मात्र टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेच्या आत. दर साडेपाच अंश थंडीला सुमारे एक पीएसआय उतरतो.

प्रश्न : कॅल्गरीत गाडी उघड्यावर असते. कूलंट गोठू नये म्हणून पाणी न घालता नुसतं शुद्ध कूलंट भरावं का?

उत्तर : नको. निव्वळ इथिलीन ग्लायकॉल उणे १२-१३ अंशांनाच गोठतं. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल असलं तर उणे ३७ पर्यंत टिकतं. जास्तीत जास्त ६०-६५ टक्के ग्लायकॉल, त्यापुढे उलटा परिणाम. काच धुण्याच्या टाकीत साधं पाणी राहिलं तर टाकी फुटते, तिथे उणे ४० अंशांपर्यंत न गोठणारं वॉशर फ्लुइडच भरा. झाकायला हवा जाणारं कापडी कव्हर घ्या, प्लास्टिकची ताडपत्री आत ओल कोंडते.

प्रश्न : उंदरांचं काय करायचं?

उत्तर : एअर फिल्टरच्या तोंडात आणि सायलेन्सरमध्ये स्टील वूलचा बोळा कोंबा आणि स्टिअरिंगला तशी चिठ्ठी बांधा, नाहीतर तो न काढता कोणी गाडी सुरू करेल. गाडीत बिस्किटाचा चुराही ठेवू नका. डांबराच्या गोळ्यांचा वास मात्र सीटमधून लवकर जात नाही, त्या टाळा.

प्रश्न : मी चार महिने मुलीकडे परदेशी जाणार आहे. गाडी पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये राहील. हे सगळं करावं लागेल का?

उत्तर : गोठण्याचा भाग सोडून बाकी सगळं. विश्वासाचं कोणी असेल तर पंधरा दिवसांनी एकदा अर्धा तास रस्त्यावर चालवायला सांगा, नुसती जागेवर सुरू करायला नको. कोणीच नसेल तर बॅटरीची वायर काढा. कव्हर घालण्याआधी धूळ धुवा, नाहीतर वाऱ्याने कव्हर घासून रंगावर ओरखडे येतात. विम्याची तारीखही बघून जा. मुदत संपून ९० दिवस उलटले की नो क्लेम बोनस जातो.