वाक्य मनात जुळेपर्यंत मीटिंग पुढे जाते

मोठ्या वयात नवी भाषा शिकणारी माणसं माझ्याकडे बहुतेक एकच तक्रार घेऊन येतात: "समजतं सगळं, पण तोंड उघडत नाही." मी समुपदेशक आहे आणि ठाण्यात बसते, त्यामुळे परदेशी ग्राहकांशी बोलण्याच्या नोकऱ्या करणारे बरेच जण भेटतात.

त्यांतलीच एक, ऐरोलीच्या कंपनीतली तिशीतली मुलगी. मेक्सिकोच्या टीमशी स्पॅनिशमधून बोलायचं, 'देले' या स्पॅनिशच्या परीक्षेची बी१ ही मधली पातळी तोंडावर, आणि गाडी सब्जंक्टिव्ह या व्याकरणाच्या प्रकारावर अडलेली. इच्छा, शंका किंवा अजून न घडलेली गोष्ट आली की तिथे क्रियापदाचं रूप बदलतं.

"नियम पाठ आहेत, मॅडम. 'आर'ने संपणाऱ्या क्रियापदांना 'ए', 'एर' आणि 'इर'ने संपणाऱ्यांना 'आ'. पण बोलण्याआधी मी तपासत बसते. तोवर दुसरंच कुणी बोलून मोकळं होतं."

"चुकलं तर?"

"चुकायलाच नको."

काही भेटी या हट्टाभोवतीच गेल्या. मग एकदा मी म्हटलं, "टीमकडून तुला काय हवंय ते मराठीत सांग."

"त्यांनी हळू बोलावं. मला वेळ द्यावा. माझं म्हणणं त्यांना कळावं."

"आता स्पॅनिशमध्ये."

"किएरो के आब्लेन देस्पासिओ..." दुसऱ्या वाक्याला ती थबकली. "मॅडम, हे सगळं सब्जंक्टिव्हच आहे! आणि मराठीतही मी 'बोलतात' म्हटलंच नाही, 'बोलावं' म्हटलं."

मी गप्प राहिले. तिला ते पुरतं उमगू देणं गरजेचं होतं. थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "मग माझं स्पॅनिश चांगलं असावं, एवढंच म्हणता येईल ना? असायलाच हवं असं नाही."

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडायला घेतलेला विचार मला जवळचा आहे: इच्छा कितीही तीव्र असू दे, तिची सक्ती झाली की माणूस अडकतो. हा फरक समजावण्यात माझी बरीच वर्षं गेली. हिने तो व्याकरणाच्या अभ्यासातून स्वतः शोधला, याचं मला फार समाधान आहे.

तुम्हीही इथेच अडला असाल तर तक्ते घोकायला बसू नका. आपल्या खऱ्या इच्छांपासून सुरुवात करा: 'किएरो के' (मला हवंय की), 'एस्पेरो के' (मला आशा आहे की), 'ओहाला' (असं होवो). घरातल्यांनी, बॉसने, लोकलने काय करावं, ते रोज मोठ्याने म्हणा. इथे मराठी कान साथ देतो. शंकेच्या वाक्यांत मात्र तो फसवतो. 'तो येईल असं मला वाटत नाही' यात आपण साधा भविष्यकाळ वापरतो, स्पॅनिशमध्ये 'नो क्रेओ के बेंगा' असं सब्जंक्टिव्ह लागतं. 'तू आलीस की सांग'मधलं 'आलीस'सुद्धा तिथे 'कुआंदो बेंगास' होतं. ही वाक्यं वेगळी काढून घोटवावी लागतात. त्यांना घाई करू नका.

आणि बोलताना रूप चुकलं, 'बेंगास'ऐवजी साधं वर्तमानकाळी 'बिएनेस' गेलं, तरी समोरच्याला कळतं. त्याने दुरुस्त केलं तर तेच वाक्य एकदा नीट म्हणा आणि कामाचं बोलणं पुढे न्या.