ट्रकच्या हप्त्यांची फाईल

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातून एका वडिलांनी लिहिलंय : ‘मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. खाणीच्या लोकसुनावणीला गेला आणि तेव्हापासून कॉलेज सोडून पर्यावरणाचं काम करणार म्हणतो. मी खाणीवर ट्रक घातला होता. 2012 ला खाणी बंद झाल्या, हप्ते फेडता फेडता नाकी नऊ आले. कंपन्यांशी वैर घेऊन पोट भरत नाही, एवढं त्याला समजावा.’

नमस्कार. बी.कॉम. सोडू नये, हे माझंही मत. कारण मात्र तुमचं नाही.

अशाच एका सुनावणीला मीही बसलो होतो. एका म्हाताऱ्याने विहिरीचं लालसर पाणी बाटलीत भरून आणलं होतं. ती त्याने टेबलावर ठेवली, तळमळीने बोलला. मग कंपनीचा सल्लागार उठला आणि खाणीच्या पर्यावरणीय परिणामांच्या अहवालातले आकडे वाचू लागला. त्याला आकड्यात उत्तर देणारं गावात कोणी नव्हतं. बाटली तशीच राहिली. केंद्र सरकारच्या 2006 च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेप्रमाणे सुनावणीची सूचना किमान 30 दिवस आधी निघते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही मिळतो. पण ते 30 दिवस कागद घेऊन बसणार कोण?

तुमच्या ट्रकचंच घ्या. खनिजाची माती कंपनीची, पण ट्रक तुमचा नि कर्जही तुमचं. खाण थांबली तशी कंपनीची वाहतूक थांबली, हप्ता काही थांबला नाही. धोका कोणाच्या गळ्यात बांधला होता, हे ताळेबंद वाचणाऱ्याला चटकन दिसतं. 2018 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या 88 खाण लीजांचं (खाणपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द केलं. ते प्रकरण लढलं गेलं कागदांवरच.

म्हणून त्याने हिशेब पक्का करावा. शेअर बाजारातल्या पहिल्या 1000 कंपन्यांना पाणी, प्रदूषण, कामगार यांचा अहवाल सेबीच्या, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाच्या, नियमाने द्यावाच लागतो. तो कोणालाही वाचता येतो. खाणींच्या रॉयल्टीबरोबर जिल्हा खनिज निधीत पैसा जमा होतो. तो खाणबाधित गावांसाठी असतो, त्याचा हिशेब माहिती अधिकारात मागता येतो. मागून आणलेला कागद कळला पाहिजे, एवढंच.

पोटाचं म्हणाल तर बी.कॉम.ला 55 टक्के पडले की सी.ए. इंटरमिजिएटला थेट प्रवेश आहे, आर्टिकलशिपला (सी.ए.च्या हाताखालच्या उमेदवारीला) स्टायपेंडही मिळतो (तुटपुंजा, हे आधीच सांगतो). वकिलीकडे ओढा असेल तर पदवीनंतर 3 वर्षांचं एलएल.बी. उद्या एखादी खाण कंपनीच त्याला चांगल्या पगारावर बोलावेल, तेव्हा काय करायचं ते त्याचं तो ठरवील.

ट्रकच्या कर्जाची फाईल घरात असेलच. या रविवारी ती त्याच्यापुढे ठेवा. मुद्दल किती, व्याज किती, ट्रक उभा असताना किती भरलंत, ते त्याला काढू दे. तुम्ही शेजारी बसा.