मेळघाटात वाचन तपासायला जाताना

मुलाने मराठी उतारा घडाघडा वाचला, की लगेच ‘वाचता येतं’ असं नोंदवू नका. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांची जोडी बरीचशी सरळ आहे, त्यामुळे अर्थ न कळताही मूल वाचून दाखवतं. इथल्या बऱ्याच मुलांची घरची भाषा कोरकू, आणि ती तर मुंडा भाषाकुळातली, मराठीच्या नात्यातली नव्हेच. वाचून झालं की तीच गोष्ट कोरकूत सांगायला लावा. त्यासाठी गावातली कोरकू बोलणारी ताई सोबत हवीच, इथे तडजोड करू नका. द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलेला फरकही वाचून जा: रोजच्या बोलण्याची भाषा लवकर येते, अभ्यासाची भाषा यायला कॅनडातल्या स्थलांतरित मुलांना साधारण ५ ते ७ वर्षं लागत होती. मग दुसरीतल्या लेकराला ‘कच्चा’ ठरवायची घाई कशाला? घरची भाषा रजिस्टरवरून उतरवू नका, आजीला विचारा.