प्रश्न वाचकांचे : वाचायला पडदा कोणता घ्यावा?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. मंगळवेढा तालुक्यात राहते. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. जुने दिवाळी अंक आणि संतवाङ्मय यांच्या पीडीएफ फोनवर वाचते, पण अर्ध्या तासात डोळे चुरचुरायला लागतात. मुलगा म्हणतो टॅब घे, भाचा म्हणतो ई-इंकवालं यंत्र घे. गावात वीज दिवसातून दोन-तीनदा जाते. काय घेऊ?

उत्तर : बाई, डोळ्यांच्या डॉक्टरांकडून जवळचा नंबर आधी तपासून घ्या. तो चुकलेला असेल तर कुठलाच पडदा सुखाचा होणार नाही.

आता पडद्यांकडे वळू. टॅबच्या एलसीडी पडद्यामागे दिवा असतो आणि त्याचा प्रकाश थेट तुमच्या डोळ्यांवर येतो. पान वाचा किंवा नुसतं उघडं ठेवा, तो दिवा वीज खातच राहतो. तुमच्या फोनचा पडदा ओएलईडी असेल तर त्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. काळ्या ठिपक्याला वीज लागत नाही, म्हणून काळ्यावर पांढरी अक्षरं ठेवली की बॅटरी वाचते. पण स्कॅन केलेलं पान मुळात पांढरं, तिथे ही बचत होत नाही.

ई-इंकची गोष्ट वेगळी आहे. हे पडद्याचं नाव आहे आणि तो बनवणाऱ्या कंपनीचंही. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या संशोधनातून 1997 मध्ये ही कंपनी उभी राहिली. पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या बारीक कुप्या असतात आणि त्यांतल्या द्रवात पांढरे व काळे कण तरंगतात, दोघांचे विद्युतभार एकमेकांविरुद्ध. विजेचा झटका दिला की एक रंग वर येतो, दुसरा तळाशी बसतो, आणि मग वीज काढून घेतली तरी कण जागचे हलत नाहीत. म्हणजे वीज लागते ती पान उलटायला. समोर असलेलं पान कितीही वेळ वाचत बसा, पडदा काही मागत नाही. मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होते, तेव्हा चालू यंत्राची बॅटरी काढून पान तसंच राहिलेलं मुलांना दाखवायचे. वर्ग एकदम शांत व्हायचा.

माझं सहा इंची यंत्र यंदा 2 मे रोजी पूर्ण चार्ज केलं. रोज तासभर वाचन, दिवा मंद, वाय-फाय बंद. बॅटरी संपत आल्याची सूचना 27 तारखेला आली. वीज जाण्याची चिंता तुम्ही सोडूनच द्या. रात्री मात्र या पडद्याला उजेड लागतो, म्हणून कडेला दिवे असलेलंच यंत्र घ्या. ते दिवे पडद्यावर प्रकाश टाकतात, डोळ्यांवर नाही. पिवळसर उजेडाची सोय असली तर आणखी बरं.

परवा भर दुपारी बारा वाजता तिन्ही यंत्रं अंगणात तुळशीपाशी नेली. टॅबमध्ये मला माझाच चेहरा दिसला. फोन तापला आणि त्याने स्वतःहून उजेड कमी केला. ई-इंकवरची अक्षरं घरातल्यापेक्षा स्पष्ट झाली.

तरीही तुमच्या बाबतीत खरा प्रश्न पीडीएफचा आहे, आणि दुकानदार तो विचारणार नाही. ई-पुस्तकातला मजकूर वाहता असतो, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. स्कॅन केलेलं पान म्हणजे फोटो. आपल्या नेहमीच्या पुस्तकाचं, म्हणजे डेमी आकाराचं, पान सुमारे 14 सेंमी रुंद आणि सहा इंची पडदा 9 सेंमी. अक्षर थेट दोन-तृतीयांशावर येतं! अशा वेळी बाजूचा कोरा समास कापून टाकायची सोय वापरा आणि यंत्र आडवं धरा. मजकुराची रुंदी बहुधा 11 सेंमीच्या आत असते, आडव्या पडद्याची 12. अक्षर मूळ आकाराचं दिसतं, फक्त एक पान दोनदा सरकवावं लागतं. दिवाळी अंकाचं पान याहून मोठं आणि दोन रकान्यांचं, तिथे हे पुरणार नाही. 10.3 इंची पडदा सुमारे 16 बाय 21 सेंमी असतो, म्हणजे डेमी पान त्यावर जवळपास जसंच्या तसं मावतं. तो महाग आहे. पण तुमचं वाचन मुख्यतः पीडीएफचं असेल तर पैसे साठवून तोच घ्या, असं मी माझ्या आईलाही सांगितलं असतं.

आणखी एक, इंचाला ठिपके किती ते विचारा. जुन्या सहा इंची यंत्रांत 167 असायचे, आता 300 सहज मिळतात. इंग्रजीला 167 चालून जातात. देवनागरीत ‘राष्ट्र’मधला ष्ट्र, ‘उद्ध्वस्त’मधला द्ध्व, रफाराशेजारचा अनुस्वार हे सगळं त्यात एकमेकांत मिसळतं. ओवीतला एक अनुस्वार हरवला तर अर्थ हरवतो, हे तुम्हाला मी काय सांगावं. खरेदीआधी दुकानात एक मराठी पान उघडून जोडाक्षरं तपासा. वाहत्या मजकुरासाठी ‘मुक्त’ हा मुंबईत घडलेला, फुकट मिळणारा फॉन्ट घाला. त्याच्या रेषा सारख्या जाडीच्या आहेत, त्यामुळे तुटत नाहीत.

प्रश्न : उन्हात वाचता येईल असा, पण व्हिडिओही चालेल असा पडदा असतो का? आमच्या गावच्या वाचनालयासाठी हवा आहे. — एक कार्यकर्ता, रायगड

उत्तर : असतो, आणि त्याच्या इतिहासात तुमचा जिल्हाही आहे. 2007 मध्ये ‘मुलामागे एक लॅपटॉप’ या, शाळकरी मुलांना स्वस्त लॅपटॉप देण्याच्या प्रकल्पाची भारतातली पहिली चाचणी कर्जतजवळच्या खैराट गावातल्या छोट्या शाळेत झाली. त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपचा साडेसात इंची पडदा मेरी लू जेप्सन यांनी घडवला होता. घरात मागचा दिवा लावून रंग दिसायचे. उन्हात दिवा बंद केला की तोच पडदा सूर्यप्रकाश परतवून काळीपांढरी, इंचाला 200 ठिपक्यांची अक्षरं दाखवायचा. खेड्यातल्या मुलाने झाडाखाली बसून वाचावं, हे डोळ्यांपुढे ठेवून केलेलं काम होतं ते, आणि मला आजही त्याचं फार अप्रूप वाटतं.

प्रकाश परतवणाऱ्या एलसीडीचे टॅब आज पुन्हा निघालेत. हालचाल झरझर दिसते, ई-इंकसारखी मागच्या पानाची सावली उरत नाही. पांढरा रंग मात्र राखाडी, चंदेरी दिसतो, आणि पान स्थिर असलं तरी थोडी वीज लागत राहते. व्हिडिओ खरोखर लागणार असेल तरच हा घ्या. नुसत्या वाचनासाठी त्याच पैशांत दोन ई-इंक यंत्रं येतात का, ते आधी पाहा. दोन मुलं एकाच वेळी वाचतील.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या नकाशांसाठी रंगीत ई-इंक घेऊ का? — एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : नको. ‘कॅलिडो 3’ या रंगीत ई-इंक पडद्यात काळीपांढरी अक्षरं इंचाला 300 ठिपक्यांची असतात, पण रंग 150 चे, आणि तेही फिके. रंगांच्या जाळीमुळे सगळं पानच जरा काळवंडतं. साधा काळापांढरा ई-रीडर घे आणि उरलेल्या पैशांत छापील नकाशासंग्रह. जिल्ह्यांच्या सीमा त्यावर पेन्सिलीने गिरवताही येतील.